फायटिंग गेमचा निकाल पहिल्याच आठवड्यात लावू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत गेले काही महिने व्हिडिओ गेम्सवर एक कोपरा येतोय, ते बघून खरंच बरं वाटलं, कारण मराठी पेपरात गेमचं नाव यायचं ते मुलं बिघडली, बापाच्या कार्डवरून पैसे गेले, असल्या बातम्यांमध्येच. कोणीतरी गेमकडे एक कलाकृती म्हणून, निदान एक वस्तू म्हणून तरी बघतंय हे चांगलंच आहे. पण गेल्या वेळी एका फायटिंग गेमवर, म्हणजे समोरासमोर मारामारीच्या गेमवर, जे आलं होतं ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. आठ-दहा ओळी, ग्राफिक्स मस्त, स्टोरी कमकुवत, साडेतीन स्टार, विषय संपला. राग तुमच्या लेखकावर नाहीये, कारण जगातल्या मोठमोठ्या साइट्सही फायटिंग गेमच्या बाबतीत वर्षानुवर्षं हेच करत आल्यात. एक उदाहरण घेऊन सविस्तर सांगतो, थोडं लांबेल, छापताना कापलंत तरी चालेल पण एकदा पूर्ण वाचा ही विनंती.

गेमचं नाव ब्लेझब्लू क्रॉस टॅग बॅटल. योकोहामाला आर्क सिस्टम वर्क्स नावाची कंपनी आहे, १९८८ पासूनची, गिल्टी गिअर आणि ब्लेझब्लू या दोन्ही मालिका त्यांच्याच. हा गेम त्यांनी २०१७ च्या जुलैमध्ये लास वेगासला इव्हो स्पर्धेत जाहीर केला, आणि इव्हो म्हणजे फायटिंग गेमवाल्यांची पंढरीच समजा. जपानमध्ये तो ३१ मे २०१८ ला आला आणि अमेरिकेत ५ जूनला. यात चार वेगवेगळ्या घरची मंडळी एकत्र आणली होती. एक तर ब्लेझब्लूची स्वतःची, दुसरी पर्सोना ४ अरीनाची म्हणजे अ‍ॅटलस कंपनीच्या रोलप्लेइंग गेममधली शाळकरी पोरं, तिसरी अंडर नाइट इन-बर्थ या फ्रेंच ब्रेड नावाच्या छोट्या जपानी टीमच्या गेममधली, आणि चौथी चक्क अमेरिकेतली, टेक्सासमधल्या रूस्टर टीथ कंपनीची रूबी (RWBY) ही वेब मालिका, जी काही लोक अ‍ॅनिमे म्हणजे जपानी धाटणीचं कार्टून मानतच नाहीत आणि काही लोक त्यावरून अजून भांडतात. दोन-दोन गड्यांची टीम करायची, कुठल्याही घरातला कोणीही कोणाबरोबर.

ज्यांनी नव्वदीच्या शेवटी गल्लीतल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये रुपया-दोन रुपये टाकून किंग ऑफ फायटर्स ९७ खेळलंय त्यांना हा प्रकार नवा नाही, फक्त त्याला क्रॉसओव्हर म्हणतात हे तेव्हा माहीत नव्हतं. टेरी आणि माई फेटल फ्युरीतले, रिओ आणि रॉबर्ट आर्ट ऑफ फायटिंगमधले, राल्फ आणि क्लार्क इकारी वॉरियर्समधले, हे सगळे एसएनके कंपनीच्या वेगवेगळ्या गेममधून एकत्र आणलेले होते आणि आपल्याला वाटायचं हे सगळे जन्मापासून एकाच गेममधले. फरक एवढाच की ९७ मध्ये तीन गडी असले तरी एक पडल्यावरच दुसरा यायचा. मॅच चालू असताना गडी बदलायचा हे कॅपकॉमने १९९६ मध्ये एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटरमध्ये आणलं, मागच्याला मदतीला बोलवायचं हे त्याच मालिकेच्या पुढच्या गेममध्ये आलं आणि २००० सालच्या मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २ ने ते पार टोकाला नेलं. त्या घराण्यातला हा गेम.

आता समीक्षकांनी काय म्हटलं ते बघू. मेटाक्रिटिकवर, म्हणजे सगळ्या परीक्षणांच्या मार्कांची सरासरी काढणाऱ्या साइटवर, सरासरी शंभरात सत्तरीच्या घरात राहिली. म्हणजे वाईट नाही पण ज्याने अभिमानाने मित्राला सांगावं असंही नाही. जवळपास प्रत्येक परीक्षणात त्याच गोष्टी होत्या. लढाई मजेदार आहे, नवख्याला पटकन जमते, संगीत छान, पण स्टोरी कंटाळवाणी, एकट्याने खेळायला फार काही नाही, जुनीच चित्रं परत वापरली आहेत आणि डीएलसीचा, म्हणजे गेमचे काही भाग वेगळे विकण्याचा, प्रकार डोक्यात जाणारा आहे. यातलं एकही वाक्य खोटं नाही. माझा मुद्दा असा की ही सगळी बाहेरच्या बाजूची वाक्यं आहेत, आणि आतली जी गोष्ट आहे तिला त्या सगळ्यांत मिळून एक परिच्छेद.

डीएलसीबद्दल मात्र समीक्षकांचं शंभर टक्के बरोबर होतं, आणि ते ठासून सांगितलं पाहिजे. रिलीजच्या काही महिने आधी कंपनीने सांगितलं की एकूण ४० पात्रं असतील, त्यातली २० गेमबरोबर आणि उरलेली २० वेगळे पैसे मोजून. अर्धा रोस्टर, म्हणजे पात्रांची अर्धी यादीच, बाहेर! त्याहून वाईट म्हणजे रूबी मालिकेचं नावच मुळात चार मुलींच्या नावांच्या पहिल्या अक्षरांवरून पडलंय, रूबी, वाइस, ब्लेक आणि यांग, आणि त्यातल्या दोघीच गेममध्ये आणि ब्लेक-यांग विकत घ्यायच्या असं ठरलं होतं. ज्या पोरांनी आयुष्यात फायटिंग गेम हातात घेतला नव्हता आणि फक्त त्या चौघींसाठी हा घेणार होती त्यांच्या तोंडाला पानं पुसल्यासारखंच झालं. बोंबाबोंब झाली आणि शेवटी कंपनीने त्या दोघी फुकट दिल्या. गेमची किंमत ५० डॉलर ठेवली होती, नेहमीच्या ६० पेक्षा कमी, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण ३३०० रुपये, आणि किंमत कमी म्हणून पात्रं वेगळी असा हिशोब लावता आला असता, तरी पण गेम हातात घेतल्यावर निवडीच्या पडद्यावर आपला आवडता गडी नाही आणि तो बनवून तयार आहे हे माहीत असणं ही भावना ५० आणि ६० च्या हिशोबाने जात नाही. ज्यांनी यासाठी मार्क कापले त्यांनी वाचकाच्या खिशाची बाजू घेतली आणि समीक्षकाने ती घेतलीच पाहिजे.

पण बाकीच्या मार्कांचं काय?

जुनी चित्रं परत वापरली हा दुसरा मोठा आरोप. त्यामागे काय होतं बघा. याच आर्क सिस्टम वर्क्सने त्याच वर्षी २६ जानेवारीला बंदाई नामकोसाठी ड्रॅगन बॉल फायटरझी काढला होता. दुपारी शाळेतून येऊन कार्टून नेटवर्कवर गोकू बघितलेल्या आपल्या सगळ्या पिढीला तो बघून वेड लागलं, थ्रीडी मॉडेल असूनही हुबेहूब अ‍ॅनिमेची फ्रेम वाटायची, त्याला पुढे त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम फायटिंग गेमचा मान पण मिळाला. तो झगमगाट डोळ्यात असताना चारच महिन्यांत त्याच कंपनीचा हा गेम आला, ज्यात पात्रं टूडी, हाताने पिक्सेल पिक्सेल भरलेली आणि ब्लेझब्लूवाल्यांची काही तर २००८ च्या पहिल्या गेमपासून चालत आलेली. मग तुलना होणारच, आणि तुलनेत हा जुना दिसणारच. पण ब्लेझब्लूची ही चित्रं कशी बनायची हे एकाने तरी नीट समजावून सांगायला हवं होतं. आधी पात्राचं थ्रीडी मॉडेल करायचं, त्याची हालचाल ठरवायची आणि मग त्याच्यावरून चित्रकाराने प्रत्येक फ्रेम परत हाताने काढायची. एका पात्राच्या अशा ढिगाने फ्रेम्स असतात. ही कला आता जवळपास संपत आलीये, खुद्द याच कंपनीने २०१४ च्या गिल्टी गिअर एक्सआरडीपासून थ्रीडीची वाट धरली. त्या दृष्टीने बघितलं तर रूबीच्या चौघी मूळ मालिकेत कॉम्प्युटरवरच्या थ्रीडी बाहुल्या आहेत आणि या गेममध्ये त्या पहिल्यांदा हाताने काढलेल्या टूडी योद्ध्या झाल्या, नव्याकोऱ्या, परत वापरलेल्या नाहीत. रूबीचा तो मोठ्ठा कोयता, जो उघडझाप होऊन बंदूकही होतो, तो फिरताना बघा एकदा. ही मालिका सुरू करणारे मॉन्टी ओम आधी प्रसिद्ध झाले ते वेगवेगळ्या गेममधल्या लढवय्यांना एकमेकांसमोर उभं करून बनवलेल्या फॅन व्हिडिओंमुळे, आणि २०१५ मध्ये ते फार लवकर गेले. त्यांच्या मुली अशा गेममध्ये आल्या यात मला तरी एक मोठं समाधान वाटतं. समीक्षेत ही बाजू यायला हवी होती.

स्टोरीबद्दल फार बोलत नाही. चार घरांच्या चार कथा, उभी चित्रं बोलतात, खाली मजकूर येतो, मध्ये पर्याय निवडायचे, मध्येच एक लढाई. पर्सोनाच्या पोरांचे विनोद बरे आहेत, बाकी मी पण स्किप केलं. मुद्दा एवढाच की फायटिंग गेमच्या मार्कांमध्ये स्टोरीला एवढं वजन का असावं हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही.

आता आतली गोष्ट सांगतो, जी या गेमची खरी जान आहे. बटनं मोजकी पाच. दोन मारायची, एक दोघांनी मिळून करायच्या किंवा जड हल्ल्याचं, एक गडी बदलायचं आणि एक साथीदाराला हाक मारायचं. एकच बटन दाबत राहिलं तरी आपोआप बरा कॉम्बो, म्हणजे सलग फटक्यांची माळ, पडतो, स्पेशल मूव्हसाठी स्टिक पाव गोल फिरवली की झालं, ते जुन्या गेममधलं अंगठे मोडणारं वळण कुठेच नाही. यावरून काहींनी लिहिलं की फार सोपा करून ठेवलाय, बटनं बडवली तरी जमतं. अहो पण सोपं काय केलं ते बघा ना, हात चालवणं सोपं केलं, डोकं चालवणं अजिबात सोपं केलेलं नाही.

समजा मी पुढे चिए घेतलीये आणि मागे युकिको, दोघी पर्सोनातल्या मैत्रिणी. चिएच्या सगळ्या लाथा, जवळ गेल्याशिवाय तिचं काही चालत नाही, आणि युकिको लांबून मारा करणारी. समोरचा मला जवळ येऊ देत नाहीये. मी साथीदाराचं बटन दाबतो, युकिको पडद्यात येऊन मारा करते, समोरच्याला ब्लॉक धरावाच लागतो, आणि तो ब्लॉकमध्ये अडकला तेवढ्या अर्ध्या सेकंदात चिए त्याच्या छातीशी. आता त्याच्यापुढे कोडं, ही वरून मारणार का खालून मारणार का पकडून आपटणार, तिन्हींची उत्तरं वेगळी. आणि त्याने बरोबर ओळखलं, खालचं अडवलं, असं धरून चालू. युकिको अजून पडद्यावर आहे तोवर मी गडी बदलायचं बटन दाबलं की माझा ताबा चिएवरून युकिकोवर जातो, चिए हातातली लाथ पूर्ण करून निघून जाते आणि समोरच्याने जे ओळखलं होतं ते सगळं कोडं बदललेलं असतं, कारण आता मी दुसऱ्याच जागेवरून दुसरंच कोणी आहे. हे सगळं दोन सेकंदांत होतं. त्याच्याकडेही उपाय आहेत, मीटर म्हणजे लढताना साठलेली ताकद खर्च करून मला ढकलून देणं, किंवा मार खात असताना साथीदाराला मध्ये घालून सुटका करून घेणं, पण ते वापरले की पुढच्या मिनिटाला हात रिकामा. त्यात मागे गेलेल्या गड्याच्या आयुष्याचा लाल भाग हळूहळू परत भरत असतो, म्हणजे दमलेल्याला मागे ठेवायचा का रागाने पुढेच रेटायचा हा निर्णय प्रत्येक क्षणी. आणि दोघांपैकी एक पडला की उरलेल्या एकट्याला रेझोनन्स ब्लेझ नावाची शेवटची ताकद मिळते, एकदाच, थोड्या वेळापुरती, आणि ती किती मोठी असेल हे तुम्ही आधी साथीदाराचा किती वापर केलात त्यावर ठरतं. म्हणजे जो मॅचभर एकटाच खेळला त्याला शेवटी ती मदत पण तोकडीच मिळते. हा नियम ज्याने केला त्याने टॅग टीम या प्रकाराचा किती बारकाईने विचार केलाय! मी वाचलेल्या परीक्षणांत या शेवटच्या गोष्टीचं नाव होतं, ती काय करते तेही होतं, पण ती अशी का केलीये यावर एक अक्षर नव्हतं.

का नव्हतं याचं कारणही सरळ आहे आणि त्यात कोणाची लबाडी नाही. समीक्षकाला गेम रिलीजच्या थोडा आधी मिळतो, तेव्हा ऑनलाइन कोणी नसतं, कॉम्प्युटरशी खेळून आणि स्टोरी संपवून त्याला डेडलाइनच्या आत मजकूर द्यायचा असतो. आठवडाभरात एखाद्या फायटिंग गेमचे नियम कळतात, त्या नियमांचं लोक काय करतात हे कळत नाही. नाटकाचं परीक्षण शुभारंभाच्या प्रयोगावरून लिहितात तसंच हे, फक्त इथे पहिल्या प्रयोगाला प्रेक्षकही नसतात आणि निम्मे नटही आलेले नसतात.

याच गेमचं पुढे काय झालं बघा. २०१८ च्या ऑगस्टमध्ये, बाजारात येऊन तीन महिने पण झाले नव्हते, तो इव्होच्या मुख्य आठ गेममध्ये होता, टेक्केन ७, स्ट्रीट फायटर ५ आणि ड्रॅगन बॉलच्या बरोबरीने, आणि २०१९ लाही तो मुख्य यादीत परत होता. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये २.० हे मोठं अपडेट आलं, आर्काना हार्ट, सेनरान कागुरा आणि अकात्सुकी ब्लिट्झकाम्फ या तीन नव्या घरांची माणसं आली, पात्रांची संख्या पन्नास ओलांडून गेली, नियमांमध्ये बरेच फेरफार झाले. जो गेम समीक्षकांनी जून २०१८ मध्ये बघितला तो गेम तेव्हा उरलाच नव्हता. पण मेटाक्रिटिक एकदा घेतलेला स्कोअर बदलून घेत नाही, त्यामुळे आजही कोणी नाव शोधलं की तोच जुना आकडा समोर येतो, अर्धा रोस्टर बाहेर असतानाचा.

आणि आता तो मुद्दा ज्यासाठी खरं म्हणजे हे पत्र लिहायला घेतलं. नेटकोड, म्हणजे इंटरनेटवरून खेळताना दोन मशीन एकमेकांशी कशी बोलतात ती व्यवस्था.

फायटिंग गेम सेकंदाला ६० फ्रेमवर चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १६-१७ मिलिसेकंदांची. हा गेम आला तेव्हा त्यात डिले पद्धतीचं नेटवर्क होतं, म्हणजे समोरच्याने कुठलं बटन दाबलं हे तुमच्या मशीनपर्यंत पोचेपर्यंत तुमचंही बटन थांबवून ठेवायचं. ओसाकाचा माणूस टोकियोच्या माणसाशी खेळला तर काही जाणवत नाही, जवळजवळची शहरं, उत्तम लाइन. पण आपल्याकडे या गेमचे खेळणारे मुळात मोजके, त्यामुळे रात्री लॉबीत, म्हणजे जिथे ऑनलाइन जोडीदार मिळतो तिथे, गेलं की समोर येणार सिंगापूरचा, आखातातला, क्वचित जपानचा कोणीतरी. मुंबईहून जपानपर्यंत सिग्नल जाऊन यायला सव्वाशे मिलिसेकंदांच्या आसपास किंवा जास्तच लागतात, म्हणजे नुसतं जायलाच चार फ्रेम, आणि ही परिस्थिती लाइन शांत असताना. संध्याकाळी बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी सिरियल-मॅच लावली की हा जाऊन यायचा वेळ, म्हणजे पिंग, खालीवर उड्या मारायला लागतो आणि गेम मधूनच पाण्याखाली गेल्यासारखा चालतो. वर जे कोडं सांगितलं, वरून का खालून का पकड, ते बघून ओळखायचंच आहे, आणि ओळखूनही तुमचा ब्लॉक उशिरा उठत असेल तर त्या सगळ्या सुंदर रचनेला अर्थच उरत नाही. आपल्या देशातल्या खेळणाऱ्यासाठी हा गेम विकत घ्यावा का नाही याचं निम्मं उत्तर इथे होतं. परीक्षणांत काय होतं? ऑनलाइन ठीक चालतं, आमच्या मॅच सुरळीत झाल्या. कुठे बसून झाल्या? कोणाशी झाल्या? अमेरिकेतल्या शहरात बसून शेजारच्या राज्यातल्या माणसाशी खेळून लिहिलेलं वाक्य डोंबिवलीत वाचणाऱ्याला काय कामाचं?

बरं यावर उपाय नव्हता असंही नाही. रोलबॅक नावाची पद्धत तेव्हा दहा वर्षांहून जुनी होती, टोनी कॅनन यांनी जीजीपीओ या नावाने ती बनवली, आणि हे कॅनन म्हणजे इव्हो सुरू करणाऱ्यांपैकीच एक. त्यात तुमचं बटन थांबवत नाहीत. समोरचा आत्ता जे करत होता तेच पुढच्या फ्रेमला करेल असं धरून गेम पुढे जातो, आणि अंदाज चुकला तर मागे जाऊन तेवढ्या दोन-तीन फ्रेम परत मांडतो, डोळ्याला बहुतेक वेळा कळतही नाही. २०२० मध्ये कोविडमुळे इव्होची प्रत्यक्ष स्पर्धा रद्द झाली आणि ऑनलाइन भरवायचं ठरलं तेव्हा खुल्या स्पर्धांसाठी जे चार गेम निवडले ते चारही रोलबॅकवाले होते, मॉर्टल कॉम्बॅट ११, किलर इन्स्टिंक्ट, स्कलगर्ल्स आणि देम्स फायटिन हर्ड्स. मोठमोठी नावं बाहेर आणि स्कलगर्ल्ससारखा छोट्या टीमचा गेम आत, कारण तो घरबसल्या खेळता येत होता. तेव्हा कुठे सगळ्यांचे डोळे उघडले. आर्क सिस्टम वर्क्सने २०२१ च्या गिल्टी गिअर स्ट्राइव्हमध्ये सुरुवातीपासून रोलबॅक दिलं आणि मग मागे वळून आपले जुने गेमही दुरुस्त केले. क्रॉस टॅग बॅटलला पीएस४ आणि पीसीवर रोलबॅक मिळालं एप्रिल २०२२ मध्ये. रिलीजनंतर जवळजवळ चार वर्षांनी!

तो पॅच आल्यावर इथून खेळणाऱ्यांसाठी हा गेम नव्याने जन्माला आला असं मी म्हणेन. सिंगापूरच्या माणसाशी शेजारी बसल्यासारखी मॅच, जपानशी सुद्धा खेळण्यासारखी. सेलमध्ये सगळ्या पात्रांसकट पॅक स्वस्तात मिळायला लागला, म्हणजे तो डीएलसीचा राग पण बराचसा निवला. स्टोरी अजून तशीच कंटाळवाणी आहे, ते मान्य. पण ज्या दोन गोष्टींनी हा गेम पाडला होता, पैसे आणि नेटवर्क, त्या दोन्ही २०२२ पर्यंत बदलल्या होत्या. याची बातमी झाली, चार ओळींची. परत परीक्षण कोणी केलं? माझ्या पाहण्यात तर कोणीच नाही. तोवर नवी पोरं स्ट्राइव्हकडे गेलेली आणि जुने थकून पांगलेले. योग्य वेळी कोणी मोठ्याने सांगितलं असतं की हा आता वेगळा गेम आहे, तर लॉबीत निदान थोडी तरी गर्दी राहिली असती असं मला मनापासून वाटतं, कारण फायटिंग गेम जगतो तो समोर खेळणाऱ्या माणसावर, आणि माणूस येतो तो कोणी सांगितलं तर. तिकडे रूबी बनवणारी रूस्टर टीथ कंपनीच २०२४ मध्ये बंद पडली. गेम अजून आहे, खेळता येतो.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे, आणि ते मोठं नाही. फायटिंग गेमवर लिहाल तेव्हा पहिल्या आठवड्यात स्टार देऊ नका, स्टारशिवाय पण लिहिता येतं. किंमत, पात्रं किती, डीएलसी काय, हे जरूर लगेच लिहा कारण वाचकाला पैसे त्याच आठवड्यात घालवायचे असतात. पण खेळ कसा आहे हे सहा महिन्यांनी परत लिहा, आणि वर्षाने एकदा मागे वळून बघा, तेव्हा तो कोण खेळतंय, काय बदललं. आणि नेटवर्कबद्दल लिहाल तेव्हा इथून खेळून लिहा, पुण्यातून, नागपुरातून, साध्या घरगुती कनेक्शनवर, कुठल्या शहरातल्या माणसाशी खेळलात आणि पिंग किती होता हे सांगून. इंग्रजी साइटवरून उचललेलं "ऑनलाइन सुरळीत" हे वाक्य कृपा करून छापू नका. इंग्रजीत लिहिणाऱ्याला आपली लाइन माहीत नाही, तुम्हाला आहे, मराठी पेपर इथे जगात कोणाहीपेक्षा उपयोगी पडू शकतो.

आणि घाई आहे ती यासाठी. हीच आर्क सिस्टम वर्क्स आता मार्व्हलची पात्रं घेऊन टॅग फायटिंग गेम करतेय, मार्व्हल तोकोन नावाचा, जून २०२५ मध्ये प्लेस्टेशनने जाहीर केला, त्यात चार-चार गड्यांच्या टीम आहेत. स्पायडरमॅन आणि आयर्नमॅन म्हटल्यावर आपल्याकडे ज्यांनी कधी फायटिंग गेमचं नावही ऐकलं नाही असे हजारो लोक तो घेतील, घरातल्या पोरांना घेऊन देतील, आणि घेण्याआधी तुमची पुरवणी उघडतील. त्यांना ग्राफिक्स छान हे ट्रेलर बघून कळलेलंच असेल. चार गड्यांत मागच्याला कधी बोलवायचं, नवख्याला पहिल्या महिन्यात मार खाऊनही मजा येते का, कोल्हापुरातून बंगळुरूच्या माणसाशी मॅच कशी होते, हे त्यांना तुमच्याकडून कळायला हवं.

तुमच्याकडे हे खेळून लिहिणारं कोणी नसेल तर मी आणि माझ्या ओळखीतले दोघे-तिघे लिहून द्यायला तयार आहोत, मानधन नको, फक्त सहा महिन्यांनी परत जागा द्या. फोन आणि पत्ता या मेलच्या खाली वेगळा दिलाय, तो छापू नये.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली (पूर्व)